कॉलनीच्या बगिच्यात दोन इंची पाइपाची बोरिंग, पाणी काढणार नाही म्हणतात, मग कशाला? (इंदूर)

तुळस_अंगण, १२ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण ज्यांना माहीत आहे त्यांनी प्लीज वेळ काढून सांगा. आम्ही पश्चिम इंदूरमधे एका जुन्या कॉलनीत राहतो, चाळीस-बेचाळीस घरं, निम्मी मराठी. दिवाळीच्या आधीपासून मागच्या ओळीतल्या दोन घरांच्या बोरिंगच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास येतोय. आधी वाटलं मोटरचं ऑइल असेल, मोटर वर काढून साफ केली, टाकी धुतली, वास काही गेला नाही. मागच्या रस्त्यावर एक जुना पेट्रोल पंप आहे, तक्रार झाली, तपासणी सुरू झाली आणि आता ती माणसं म्हणतायत तीन ठिकाणी मॉनिटरिंग वेल (म्हणजे खालचं पाणी फक्त तपासायची बोरिंग) टाकायच्या, त्यातली एक आमच्या बगिच्याच्या कोपऱ्यात. ४० फूट खोल, दोन इंची पाइप, वर झाकण आणि कुलूप, मोटर बसणार नाही.

रविवारी मीटिंगमधे नुसता गोंधळ. एक काका म्हणाले आपलं पाणी ओढून घेतील, दुसरे म्हणाले आपल्या बोरिंगी साडेतीनशे फूट आहेत, ४० फुटावर काय दिसणार, तिसरे म्हणाले अजून एक भोक पाडलं तर वरची घाण उलट खाली जाईल. मी यंदा सचिव आहे, सही माझी लागणार. घरात दोन लहान मुलं आहेत, त्या दोन घरांतली एक माझी सख्खी जाऊ राहते. सही करू का नको, आणि केली तर काय बघून करू?

जुना_इंदूरी, १२ फेब्रुवारी, रात्री १०:२५

ताई, सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. १९७८ ला नर्मदा आली त्याच्या आधीचं इंदूर मी पाहिलंय, प्रत्येक वाड्यात विहीर होती आणि उन्हाळ्यातसुद्धा दोराने पाणी काढायचो. मग जो तो बोरिंग करवत गेला आणि विहिरी कोरड्या पडल्या. आता दर उन्हाळ्यात कलेक्टर साहेबांना १९८६ च्या पेयजल परिरक्षण कायद्याखाली नवीन बोरिंगवर बंदी घालावी लागते, ते उगीच नाही. भोक म्हणजे भोक, त्याला नाव काही पण द्या. तुमच्या तिसऱ्या काकांचं म्हणणं मला पटतंय.

मुरूम_कातळ, १३ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

तुळसताई, मी हेच काम बावीस वर्षं करतोय, इंदूर, देवास, पीथमपूर, थोडं उज्जैन. पोहे खायच्या आधी लिहायला बसलोय कारण रात्री तुमचा प्रश्न वाचून झोप नीट लागली नाही. आणि जुना_इंदूरी काका, तुमची भीती अगदी खरी आहे, ती खोटी ठरवायला मी आलेलो नाही, पण त्या भीतीचं नेमकं कारण कुठे आहे ते सांगतो.

पहिलं पाण्याचं. दोन इंची पाइपात एक मीटर उंचीचं पाणी म्हणजे जेमतेम दोन लिटर. तुमच्या त्या वेलमधे तीन मीटर पाणी उभं राहिलं तर सहा लिटर. नमुना घेण्याआधी त्याच्या तिप्पट पाणी काढून टाकतात म्हणजे अठरा-वीस लिटर, एक बादली वरती थोडं. ते पण तीन महिन्यांतून एकदा. तुमच्या शेजारच्याची टाकी एकदा ओव्हरफ्लो झाली की याच्या पन्नासपट जातं. तेव्हा ओढून घेण्याची गोष्ट डोक्यातून काढून टाका.

आता ४० फुटाचं. आपल्या माळव्याच्या पठाराखाली काय आहे ते बघा. वर काळी माती, तुमच्या भागात साधारण पाच-सहा फूट. मग पिवळी माती, मग मुरूम, मग कुजलेला दगड जो हातोडीने फुटतो आणि त्याच्या खाली काळा पत्थर, बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक बसत गेले, मधे मधे लाल मातीचा पट्टा लागतो, बोरिंगवाले त्याला लाल पट्टीच म्हणतात. सलग काळ्या पत्थरात पाणी नसतंच म्हणा, पाणी असतं वरच्या मुरमात-कुजलेल्या दगडात, आणि खाली जिथे भेगा आहेत किंवा दोन थरांच्या सांध्यात जाळीदार दगड आहे तिथे. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, टाकी किंवा लाईन गळली की ते मातीतून खाली उतरतं आणि पहिल्या पाण्यावर जाऊन तरंगतं. पहिलं पाणी तुमच्याकडे ३०-३५ फुटावर असणार. मग साडेतीनशे फुटावर शोधून काय मिळणार? बघायचं तिथेच जिथे ते तरंगतंय.

मग तुमच्या जावेच्या ३५० फुटी बोरिंगमधे वास कसा आला? हे नीट वाचा ताई. आपल्या इकडे घरगुती बोरिंगला केसिंग, म्हणजे भोकाची भिंत धरून ठेवणारा पाइप, किती टाकतात? दगड लागेपर्यंत, वीस-तीस फूट, आणि केसिंगच्या बाहेर जी फट राहते त्यात काहीच भरत नाहीत, वरून निघालेली तीच माती ढकलून देतात. म्हणजे वरचं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं. काका म्हणतात ना भोकातून घाण खाली जाईल, ती जातेच, पण जातेय ती आपल्या घरोघरच्या न भरलेल्या बोरिंगींमधून, वर्षानुवर्षं. मॉनिटरिंग वेल पण तशीच अर्धवट बांधली तर ती पण तेच करेल. म्हणून सही करा, पण फट कशाने आणि कशी भरतायत ते स्वतः उभं राहून बघा. माझं सगळं म्हणणं याच एका गोष्टीवर आहे, बाकी झाकण-कुलूप वगैरे सगळं नंतर.

बांधतात कशी ते थोडक्यात. भोक सहा इंची, पाइप दोन इंची. खालच्या भागात पाइपला बारीक चिरा असतात, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, त्याला स्क्रीन म्हणतात. स्क्रीनच्या भोवती धुतलेली गारेची वाळू, स्क्रीनच्या वरती दोन फुटापर्यंत. त्या वाळूवर तीन फूट बेन्टोनाइटच्या गोळ्या. त्याच्यावर सिमेंट आणि बेन्टोनाइटचं घोल, नळी खाली सोडून खालून वर भरत आणायचं, वरून ओतायचं नाही. सगळ्यात वर बाहेरच्या बाजूला उतार दिलेला ओटा.

बेन्टोनाइट कच्छमधून किंवा बाडमेरकडून येतं. आपली काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, ती ज्या खनिजामुळे फुगते तेच यात भरपूर असतं. मी नवीन पोरांना दाखवायला काचेच्या बरणीत मूठभर गोळ्या आणि पाणी घालून ठेवतो. साबुदाणा भिजत घालतो तसंच, रात्री अर्धी बरणी असते, सकाळी गोळ्या एकमेकींना चिकटून वरपर्यंत आलेल्या आणि बरणी उलटी केली तरी पाणी सांडत नाही. ही तीन फुटांची गच्च पट्टी वरचं पाणी वर आणि खालचं खाली ठेवते.

होळकरी, १३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

सर मी होळकर कॉलेजला जिऑलॉजी एमएस्सी करतोय. आमच्याकडे बिल्डिंगच्या पायासाठी सॉइल बोरिंग दाखवायला नेलं होतं, त्यात हातोडा पाडून ठोके मोजत होते. हे पण तेच का? आणि तीनच वेल का, एक का नाही?

बडोदेकर, १३ फेब्रुवारी, दुपारी २:०५

मी बडोद्याहून लिहितोय, दांडिया बाजार. आमच्याकडे याच्या उलट, कातळ नाहीच वरती, नदीचा गाळ, रेती, चिकणमाती, खोल खोल तेच. आमच्या इकडे भोक पाडलं की ते मिटतं, म्हणून बेन्टोनाइटचा चिखल फिरवत ड्रिलिंग करतात, नाहीतर बाहेरचं केसिंग सोबत उतरवत जातात. बेन्टोनाइट आम्ही भोक उघडं ठेवायला वापरतो आणि तुम्ही बंद करायला, हे वाचून छान वाटलं. पण चिखल फिरवला तर नंतर वेल धुवायला फार वेळ लागतो, स्क्रीनच्या भोवती चिखलाचा लेप बसतो, तो निघाला नाही तर पाणी आत येतच नाही.

मुरूम_कातळ, १३ फेब्रुवारी, रात्री ८:३०

बडोदेकर भाऊ, बरोबर, म्हणूनच मातीत जमेल तितकं चिखलाशिवाय केलेलं बरं.

होळकरी, तू पाहिलंस ते एसपीटी, स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडायचा, खाली दोन फाकांची नळी असते, ती ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत ठोके मोजायचे, पहिल्या १५ चे सोडून द्यायचे, उरलेल्या ३० चे ठोके म्हणजे एन. त्याने माती किती घट्ट ते कळतं आणि इंजिनियर पाया ठरवतो. इथे आम्हाला घट्टपणाशी तेवढं देणंघेणं नाही पण ती नळी कामाची आहे, कारण तिच्यात माती जशीच्या तशी वर येते. नळी उघडली की आधी रंग लिहायचा, ओल लिहायची, मग मातीचा तुकडा झिपच्या पिशवीत घालून पिशवी बंद करून दहा मिनिटं तशीच ठेवायची, पिशवीत वाफ जमते, मग वाफ मोजायच्या मीटरची नळी आत घालून आकडा लिहायचा. दर पाच फुटाला एक पिशवी. १० फुटावर आकडा काहीच नाही, १५ वर थोडा, २५ वर एकदम चढला, असं दिसायला लागलं की पेट्रोल कुठून कसं उतरलं ते डोळ्यासमोर येतं. नाकाने हुंगून बघू नका कोणी, सवय झाली की वास येणं बंद होतं आणि पेट्रोलमधलं विषारी बेंझीन शरीरात जात राहतं. आणि साइटवर बिडी नाही, माचिस नाही, हे पहिल्या दिवशी पहिल्या मिनिटाला.

कातळ लागला की डीटीएच (डाउन-द-होल) मशीन. खाली हातोडा फिरतो, वरून कॉम्प्रेसरची हवा, भुकटी उडून वर येते. दर पाच फुटाची भुकटी वेगळी ढिगली करून ओळीने मांडायची, रंग बदलला की लगेच कळतं. फूटभर जायला किती मिनिटं लागली ते पण लिहायचं, एकदम सर्रकन गेलं म्हणजे भेग आहे. भुकटी ओली झाली की तिथे पहिलं पाणी. हे सगळं तिथल्या तिथे वहीत. संध्याकाळी चहा पिताना आठवून लिहिलेला लॉग मी फाडून टाकतो, माझ्या माणसांना माहीत आहे. डीटीएचचा एक मोठा दोष, कॉम्प्रेसरच्या हवेतून तेलाचा बारीक फवारा भोकात जातो. पाण्याच्या बोरिंगला चालून जातं, पण जिथे आपण तेल-पेट्रोलच शोधतोय तिथे कसं चालेल, म्हणून हवेच्या लाईनवर फिल्टर लावलाय का ते विचारायचं.

तीन का? एका वेलमधे पाणी किती खोल ते कळतं, पण ते कुठे चाललंय ते कळत नाही. तीन वेल त्रिकोणात, तिघींच्या पाइपाच्या तोंडाची उंची लेव्हलच्या यंत्राने मोजून एकमेकींशी जोडायची. समजा पाण्याची उंची पहिलीत ९६.४० मीटर, दुसरीत ९६.१०, तिसरीत ९५.७०, तर पाणी साधारण पहिलीकडून तिसरीकडे उतरतंय. मग कोणाच्या घराकडे जातंय ते कागदावर रेघ मारून दाखवता येतं. अर्थात आपल्या दगडात पाणी भेगांच्या मर्जीने चालतं, म्हणून मी तीनवर पूर्ण भरवसा ठेवत नाही, पण सुरुवात तिथूनच होते.

आणि आता माझी एक चूक सांगतो, कारण ताईंना सांगितलं की फट कशी भरतायत ते बघा, ते मी पुस्तकातून शिकलेलो नाही. नोकरीचं चौथं वर्ष, पीथमपूरकडे एका कारखान्याच्या आवारात पाच वेल टाकल्या. पाचवीला अंधार पडत आला होता, आभाळ भरलेलं, मशीनवाला घाई करत होता, आणि मी हेल्परला गोळ्यांची पूर्ण पिशवी एकदम ओतू दिली. टेप सोडून मोजलं नाही. ओटा केला, झाकण लावलं, घरी आलो. जुलैत पहिला मोठा पाऊस झाला, बाकीच्या चार वेलमधे पाणी हळूहळू बोट-दोन बोट चढलं आणि पाचवीत एका रात्रीत चार फूट. पाण्यातले क्षार निम्म्याहून कमी झाले. रिपोर्टमधे मी लिहिलं की इथे पुनर्भरण चांगलं आहे! दुसऱ्या वर्षी पण तसंच झालं तेव्हा माझ्या वरिष्ठांनी मला साइटवर नेलं, ओट्याच्या कडेला बादलीभर पाणी ओतलं आणि पाइपात पाण्याची पातळी मोजायचा मीटर सोडून उभे राहिले. वीस मिनिटांत पाणी चढलं. गोळ्या अर्ध्या वाटेत अडकून बसल्या होत्या, खाली सगळं पोकळ. दोन वर्षं आम्ही छपरावरचं आणि रस्त्यावरचं पाणी भूजल म्हणून मोजत होतो, आणि त्याच वाटेने आवारातली घाण खाली जात होती. ती वेल पूर्ण खोदून काढून घोलाने भरून बंद केली. जवळच्या वस्तीतली माणसं त्या रिपोर्टवर विसंबून राहिली होती. मला अजून ते आठवलं की बेचैन व्हायला होतं.

लॅबवाली, १३ फेब्रुवारी, रात्री ११:१०

मी लॅबमधे पाण्याचे नमुने तपासते, माझ्याकडून दोन-तीन गोष्टी. मुरूमदादांचं वाचून अंगावर काटा आला, कारण आम्हाला आलेला नमुना कसा काढला ते आम्हाला दिसत नाही, आम्ही आकडा देतो आणि लोक त्याला खरं मानतात.

तुळसताई, पाइप जोडायला सोल्युशन लावू देऊ नका. नळवाला ज्या डब्यातून ब्रशने लावतो ना ते. त्यातले सॉल्व्हंट महिनोन् महिने पाण्यात उतरत राहतात आणि आमच्या मशीनच्या आलेखावर भलतीच उंच टोकं दिसतात. आटे पाडलेले पाइप मागा, एकमेकात फिरवून बसतात. पाइप हातमोजे घालून उचलायचे, प्लास्टिकच्या वेष्टनातून थेट भोकात, गवतावर ठेवलेला पाइप नको.

नमुना घेताना ४० मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या असतात, काठोकाठ भरायच्या, उलटी करून बोटाने टिचकी मारायची आणि एक पण बुडबुडा दिसला तर ती बाटली गेली, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात जातं. बर्फात ठेवून आणायच्या.

आणि ज्या दोन घरांत वास येतोय त्यांनी आजच्या आज ते पाणी बंद करा. उकळून प्यायलं तर चालेल का असं मला फोन करून विचारतात, उकळल्याने ते हवेत येतं आणि तुम्ही स्वयंपाकघरात ते श्वासात घेता. गरम पाण्याने अंघोळ पण नको. आरओवर भरवसा नको. आपल्या पेट्रोलमधे बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का ठेवायची परवानगी आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. हिशोब केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेंझीन आठ लाख लिटरहून जास्त पाणी त्या मर्यादेवर आणायला पुरेसं आहे. एक लिटर! लहान मुलं आहेत म्हणता, म्हणून इतकं आवर्जून लिहितेय.

तुळस_अंगण, १४ फेब्रुवारी, सकाळी ८:००

लॅबवाली ताई, रात्रीच जावेला फोन केला. दोन्ही घरांच्या मोटरचे स्विच बंद करून टेप लावलाय, आमच्या नर्मदेच्या नळाचं पाणी पाइपाने तिकडे देतोय. मुरूमदादा, तुमचं सगळं मी मीटिंगमधे वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

राऊचा_शेतकरी, १४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

मी राऊकडे शेती करतो. एक विचारतो, पावसाळ्यात छपराचं पाणी या नवीन वेलमधेच सोडलं तर? आमच्या गावात जुन्या सुकलेल्या बोरिंगमधे फिल्टर लावून सोडतात, फायदा झालाय.

मुरूम_कातळ, १४ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

नको भाऊ, या वेलमधे नाही. ती बघायला आहे, तिच्यात बाहेरचं पाणी गेलं की तिने सांगितलेलं काहीच धरता येणार नाही. पुनर्भरण जरूर करा पण जिथे जमीन घाणेरडी झाल्याची शंका आहे तिथून लांब, नाहीतर पाणी आणखी ढकललं जातं. आणि सुकलेली बोरिंग उघडी असेल तर आधी झाकण वेल्ड करा. २०१० मधे सुप्रीम कोर्टाने उघड्या बोरिंगींबद्दल सूचना दिल्या, सोडून दिलेलं भोक तळापासून जमिनीपर्यंत भरा म्हणून, तरीसुद्धा दरवर्षी एखादं लेकरू पडतं.

ताई, जरूर वाचून दाखवा. एक काम करा, कॉलनीत किंवा आसपास जुनी विहीर असेल तर पावसाळ्यानंतर तिच्यात पाणी कुठवर येतं ते जुन्या माणसांना विचारा. स्क्रीनचा वरचा टोक त्याच्याही वर पाहिजे. पाणी स्क्रीनच्या वर चढलं तर पेट्रोल चिरा नसलेल्या पाइपाच्या बाहेर तरंगत राहतं आणि आत बघाल तर सगळं स्वच्छ दिसतं.

जुना_इंदूरी, १४ फेब्रुवारी, दुपारी १२:२०

मुरूम_कातळ, तुमची पीथमपूरची गोष्ट दोनदा वाचली. मी माझं म्हणणं मागे घेतो. ताई, विहिरीचं माझं ऐका, पायऱ्यांवर पाण्याची रेघ राहते, आश्विन-कार्तिकातली रेघ हिरवट काळी असते, तिथपासून वरच्या काठापर्यंत दोर सोडून मोजा.

तुळस_अंगण, २३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मंडळी, सही केली आणि काल बोरिंग झाली. सविस्तर लिहिते कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं समजावलंत.

आधी विहीर. देवळामागे एक जुनी विहीर आहे, काकांनी सांगितलं तशी रेघ सापडली, दोर सोडला तर काठापासून २२ फूट. हे त्यांच्या जिऑलॉजिस्टला सांगितलं. त्यांच्या कागदावर स्क्रीन ३० ते ४० फूट होती, त्यांनी स्वतः येऊन विहीर पाहिली आणि बदलून २० ते ४० केली. पाइप आट्यांचे मागितले, ते तसेच आणले होते. हवेच्या लाईनवरच्या फिल्टरचं विचारलं तर मशीनवाल्याने उघडून दाखवला.

सकाळी ७ ला आले. आधी पाच फूट हाताने खोदलं, गॅसची लाईन आणि केबल जात असेल म्हणून, आणि बरं झालं, तीन फुटावर बगिच्याच्या लाईटची केबल निघाली जी कोणाच्याच लक्षात नव्हती, भोक दोन फूट सरकवलं. काळी माती ६ फुटापर्यंत, मग पिवळी, १७ ला मुरूम संपून दगड. पिशव्यांचे आकडे मी पण माझ्या वहीत लिहून घेतले, १० फुटापर्यंत काही नाही, २५ ला चढला. ३३ फुटाला भुकटी ओली झाली. रात्रभर भोक झाकून ठेवलं, आज सकाळी पाणी ३१ फुटावर उभं होतं.

मग पाइप उतरवला आणि वाळू. मी मुरूमदादांना मेसेज करून हिशोब विचारून ठेवला होता, सहा इंची भोकात दोन इंची पाइप म्हणजे फुटाला साडेचार-पावणेपाच लिटर, ४० पासून १८ पर्यंत २२ फूट, दहा लिटरच्या दहा बादल्या. खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येक बादलीला वहीत रेघ. चार बादल्या झाल्या, टेप सोडायला सांगितला. हिशोबाने वाळू ३१ फुटाच्या आसपास दिसायला हवी होती, टेप थांबला २४ वर. हेल्पर पोरगा म्हणाला दीदी हो जाएगा, बैठ जाएगी. मी म्हटलं नाही, थांब. जिऑलॉजिस्टने पण मशीन बंद करवलं, पाइप थोडा वर उचलून हलवला, बाहेरून लाकडाने ठोकत राहिले, थोडं साफ पाणी सोडलं. तिसऱ्यांदा ठोकल्यावर आतून सर्र असा आवाज आला, मी ऐकला, आणि टेप ३२ वर गेला. त्यानंतर प्रत्येक बादलीला टेप. एकूण अकरा लागल्या, एक जास्त, ते म्हणाले कुजलेल्या दगडात भोक जरा रुंद झालंय.

गोळ्या मूठमूठ करून टाकल्या, घाई नाही. पाणी खाली ३१ वर आहे आणि गोळ्या १८ ते १५ मधे, म्हणजे कोरड्या राहतील, म्हणून दर फुटाला पाणी घालून भिजवल्या. चौदा लिटर धरल्या होत्या, वीस लागल्या. मग दुपारी जेवायला गेले सगळे आणि चार तास थांबून घोल भरलं, नळीने खालून. जावेने सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी केली होती.

मूठभर गोळ्या मी मागून घेतल्या. बरणी ओट्यावर ठेवलीय, मुलं दर तासाला जाऊन बघतायत.

मुरूम_कातळ, २३ फेब्रुवारी, रात्री १०:५०

ताई, वाचून डोळे भरून आले. माझ्या त्या पाचव्या वेलला असं खुर्ची टाकून बसणारं कोणी नव्हतं. दोन गोष्टी राहिल्यात. घोल पक्कं व्हायला दोन दिवस द्या, मग वेल धुतील, पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत वरखाली करून, त्यानंतर थोडे दिवस जाऊ देऊन नमुना. आणि पाइपाच्या तोंडावर उत्तरेच्या बाजूला पक्की खूण करवून घ्या, दर वेळी तिथूनच मोजायचं. तोंड जरा तिरकं कापलेलं असतं, बाजू बदलली की बोटभर फरक पडतो, आणि तुमच्या तीन वेलमधला सगळा उतारच कदाचित तेवढा असेल.

तुळस_अंगण, ८ मार्च, संध्याकाळी ६:३०

खूण केली, लाल रंगाने, उत्तरेला. आज पहिला नमुना घेतला. सहा बाटल्या, मी प्रत्येक उलटी करून टिचकी मारली, एकीत बुडबुडा निघाला, ती परत भरली. मीटर सोडला तर पाण्याच्या वर तरंगतं काही नाही असं दाखवलं, पण पाण्याला हलका वास आहे. पंपाच्या बाजूच्या वेलमधे मात्र मीटरचा आवाज बदलला, पेट्रोलचा चार मिलिमीटरचा थर. उतार पंपाकडून आमच्याकडे, जावेच्या घरावरून. लॅबचा रिपोर्ट दहा दिवसांनी, आला की इथेच टाकते.

होळकरी, ८ मार्च, संध्याकाळी ७:०५

ताई तिन्ही वेलच्या लेव्हल आणि लॉग मिळाले तर मी नकाशा काढून देतो. पुढचं रीडिंग मे मधे, तेव्हा यायला मला आवडेल.

तुळस_अंगण, ८ मार्च, संध्याकाळी ७:२०

नक्की ये. वहीचे फोटो आत्ता पाठवते.